तिसाव्या फॉर्मवरची माती

“तोंड उघडा.”

“उघडलंय की. रोजच उघडतेय. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला पाहिलं नसेल, तेवढं तू पाच आठवड्यांत पाहिलंस.”

“जीभ वर करा मारादेबे, आणि बोलायचं थांबा जरा.”

“माझं बोलणं थांबलं की समज, मी मेले.”

सहा नंबरच्या खाटेवर मारादेबे पाय सोडून बसली होती. तिचं खरं नाव नोसांदिसे, पण बावन्न वर्षांच्या बाईला नावानं हाक मारायला मी काय तिची सासू आहे? बापाच्या कुळाचं नाव घ्यायचं, हीच आमची रीत. खिडकीची तावदानं डिसेंबरच्या वाऱ्यानं खडखडत होती. खाटेखाली तिची चौकड्यांची पिशवी भरून, चेन लावून, वर दोरीनं बांधून तयार होती. बस चार वाजता होती आणि घड्याळात सकाळचे सव्वाआठ झाले होते.

तिच्या टाळूवर थोडी लाली दिसली. मी टॉर्च जवळ नेला.

“हे काय?”

“चहा. त्या रुगायाला कोमट म्हणजे काय ते कळतच नाही. उकळता आणून देते.”

ताप सदतीस पूर्णांक चार सेल्सिअस. तो ना इकडचा, ना तिकडचा. मी लिहून घेतला.

आणि तिचा चेहरा? तिनं चेहऱ्यावर लाल माती लावली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, खाली गळाभर आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत. गालांवर वरून पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. रविवारी तिची नणंद भेटायला आली होती, तिनं जॅमच्या बरणीतून ती माती आणली होती. मारादेबेचा धाकटा, एकुलता उरलेला, नोव्हेंबरच्या शेवटी सुंतेच्या विधीसाठी डोंगरावर गेला होता. तिकडे मुलगा म्हणून गेलेला शनिवारी पुरुष होऊन उतरणार होता. सगळा गाव जमणार, बैल कापणार, बायका माळावर ओळीनं उभ्या राहून ललकाऱ्या देणार. आणि त्यात आई नाही असं कधी झालंय?

“कशी दिसते?” तिनं विचारलं.

“नवरी.”

“हट्! नवरी म्हणे. दात किती उरलेत ते मोजलेस ना आत्ताच?”

मी हसले. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

मी सिस्टर बुलेल्वा. केपटाउनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात, टीबीच्या वॉर्डात सतरा वर्षं काढली. टीबीच्या गोळ्यांनी टीबी बरा होतो. पण आमच्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांना सोबत एचआयव्हीही असतो, आणि त्यांतल्या काहींवर त्याच गोळ्या उलटतात. ताप येतो, लिव्हर सुजतं, अंगभर चट्टे उठतात. फारच झालं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी कातडी सुटते. मग सगळ्या गोळ्या बंद. अंग निवलं की एकेक गोळी परत द्यायची, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं. एक गोळी, चार दिवस पहारा, मग पुढची. मारादेबेच्या तीन गोळ्या पार पडल्या होत्या. चौथीचा, म्हणजे शेवटच्या गोळीचा, आज चौथा दिवस होता.

पहारा चार दिवसच का? पाच का नाही, सात का नाही? कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. पहिला चट्टा पाहते नर्स, पण त्यावर लिहितात डॉक्टर. मी म्हटलं, आपणच लिहू की. परदेशातली एक संस्था अशा कामासाठी पीएचडीची शिष्यवृत्ती देते असं कळलं आणि मी अर्ज केला. दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा मिळाली, तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि माझ्या आईनं चर्चमधल्या बायकांना सांगून टाकलं होतं की आमची बुलेल्वा डॉक्टर झाली. त्या बायका अजून मला गुडघ्यांवरच्या गोळ्या विचारतात.

शिष्यवृत्ती म्हणजे आठवड्यातले तीन दिवस माझ्या जागी वॉर्डात दुसरी नर्स आणि मी टेबलापाशी. नर्सला टेबल मिळणं म्हणजे काय, ते नर्सलाच विचारा. पण अट होती. वीस डिसेंबरच्या आत तीस पेशंटांच्या पुऱ्या नोंदी पाठवायच्या, नाहीतर तिसऱ्या वर्षाचा निधी बंद. नोंद पुरी कधी? तर चारही गोळ्या पार पडल्या तर. किंवा गोळी उलटली आणि पेशंट त्यातून पूर्ण बरा झाला तर, आणि त्याला महिनाही लागतो. माझ्याकडे एकोणतीस होत्या. डिसेंबरात ज्याला चालता येतं तो गावी जातो, नवा पेशंट जानेवारीपर्यंत येत नाही.

मारादेबेला हे सगळं ठाऊक होतं. मीच बोलता बोलता सांगितलं होतं.

“मी तुझी तिसावी ना?” ती म्हणायची. “माझ्या अंगावरचे तीळ मोजून तू डॉक्टरीण होणार. मग मला घरी बोलाव आणि कोंबडी कापून घाल.”

पडदा ओढून मी तिची पाठ, पोट, मांड्या, पाय बघितले. सगळं साफ. मागच्या वेळचे डाग तेवढे काळपट उरले होते. मग परत चेहऱ्यापाशी आले.

माझ्याच हातानं लिहिलेला नियम होता: “तपासताना त्वचेवर काहीही लावलेलं नसावं.” तो मी क्रीमसाठी लिहिला होता. लिहिताना माती माझ्या स्वप्नातही नव्हती.

रुगाया तेवढ्यात चादरी घेऊन आत आली. आमची सर्वांत जुनी मदतनीस, मिचेल्स प्लेन वस्तीतली, डोक्याला रुमाल, जिभेला धार. तिनं मारादेबेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे धुवायचं नाही का?”

“काय धुवायचं?”

“तोंड. मी कोमट पाणी आणते. खरोखरचं कोमट.”

मारादेबेनं हातातला आरसा मांडीवर पालथा ठेवला. मी रुगायाला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात खेकसले, “तुला काय कळणार आमच्यातलं? पोरगा अजून डोंगरावर आहे. त्याच्या नावानं आईनं लावलेली माती पुसा म्हणून सांगू? अपशकुन करू तिला?”

“मला तुमच्यातलं कळत नाही, बाई,” रुगाया म्हणाली. “मला एवढंच कळतं, की तू तिचं तोंड पाहिलेलं नाहीस.”

“मी सतरा वर्षं तोंडं पाहतेय.”

“बरं.” ती चादर बदलू लागली.

एखादा गोरा डॉक्टर असता तर त्यानं “प्लीज वॉश” म्हटलं असतं आणि घड्याळ बघत उभा राहिला असता. मारादेबेनं त्याला मनातल्या मनात चार शिव्या देऊन धुतलं असतं. मला ते जमलं नाही. आपल्या माणसाचा मान राखला, असं मी स्वतःला सांगितलं. पण मनात चोर होता, आणि तो चोर मला तेव्हाही चांगला ओळखू येत होता. धुतलं आणि खाली काही निघालं तर? तर तिची बस गेली आणि माझा तिसावा गेला. न धुता दोघींचं भलं होत होतं.

फॉर्मवर ओळ होती: चेहरा व गळा. समोर दोन चौकोन, “साफ” आणि “चट्टे”. मी “साफ”वर खूण केली आणि सही केली.

निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले. मातीचा लाल रंग माझ्या तळव्यांना लागला.

“पोरी, तुझं काम झालं ना?”

“झालं.”

“माझंही झालं. पुढच्या महिन्यात येते गोळ्या न्यायला. तुझ्यासाठी बैलाचं सुकं मांस आणते.”

फॉर्म त्याच दुपारी पाठवला. एकोणीस तारखेला उत्तर आलं, तिसरं वर्ष मंजूर. माझे मार्गदर्शक प्राध्यापक आरेन्डसे जिन्यात भेटले तर त्यांनी माझा हात इतका हलवला की खांदा दुखला. आईनं चर्चमध्ये केक वाटला.

फोन बावीसला आला. मारादेबेची नणंद होती.

“सिस्टर, वहिनीला जिल्ह्याच्या दवाखान्यात टाकलंय. ओठ फुटलेत, गिळता येत नाही. आणि डोळे चिकटलेत, उघडतच नाहीत. इथले डॉक्टर विचारतात, कोणती गोळी होती?”

मी गोळीचं नाव सांगितलं. अक्षर अक्षर सांगितलं. आवाज शांत ठेवला, ती आमची सवयच आहे. मग विचारलं, “शनिवारी? कार्यक्रमाला होत्या का?”

“होती ना. बसमध्येच ताप भरला होता. तरी उभी राहिली. आम्ही दोघींनी धरलं होतं. पोरगा समोरून आला तेव्हा ती विचारत होती, ‘आला का? कुठाय?’ अगं, तिच्यापासून दहा पावलांवर होता.”

मी फोन ठेवला आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले. सतरा वर्षांत त्या खोलीत मी दोनदाच रडलेय, एकदा बाप गेला तेव्हा आणि हे.

सुट्टी संपल्यावर प्राध्यापकांना सगळं सांगितलं. मातीचंही. त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढून पुन्हा वाचला. माणूस वाईट नाही. माझ्या अर्जासाठी तीन वर्षं भांडला होता.

“बुलेल्वा, घरी गेल्यावर प्रतिक्रिया आली, असंच दिसतं. पाचवा दिवस, सहावा दिवस. तशी टीप जोडू. फॉर्म खोटा नाही.”

“मी चेहरा पाहिला नाही, सर.”

“पोट, पाठ पाहिलीस. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. हे बघ, एका पेशंटसाठी तू दोन वर्षांचं काम पाण्यात घालणार? आणि इथून पुढे एखाद्या नर्सनं अर्ज केला, तर ते काय म्हणतील?”

हे शेवटचं मला लागलं. कारण ते खरं होतं.

घरी येऊन मी तो फॉर्म रोज उघडायची आणि बंद करायची. जेवण जाईना. आई म्हणाली, “अभ्यासानं वाळली पोर.” टीप जोडणं काही कठीण नव्हतं. दोन ओळींचं काम. पण त्या दोन ओळींचा अर्थ काय होणार होता? चौथ्या दिवशी बाई साफ होती. म्हणजे चार दिवस पहारा दिला तरी गोळी नंतर फसवते. आणि खरं जर असं असेल, की चौथ्या दिवशी चट्टे होतेच, फक्त कुणी पाहिले नाहीत? तर मग दोष गोळीचा नाही, चार दिवसांचा नाही, बघणाऱ्या डोळ्यांचा. माझ्या प्रबंधातून उद्या कुणीतरी नियम काढणार आणि त्यावर हजार माणसं घरी सोडली जाणार, नाहीतर अडकवली जाणार. एवढं कळायला पीएचडी लागत नाही.

कळत होतं, पण हात उठत नव्हता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मारादेबे आली. डोळ्यांच्या विभागात दाखवायला तिला इकडे पाठवलं होतं आणि आमच्याकडे सहा नंबरच रिकामा होता. चेहऱ्यावरची कातडी नवी, गुलाबीकाळी, बाळासारखी. डाव्या डोळ्यावर कापूस. उजवा उघडा, पण पांढुरका. त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

शेजारच्या स्टुलावर मुलगा बसला होता. एकोणीस वर्षांचा असेल. नवा खाकी कोट, वर गळ्यापर्यंत बटणं, टोपी, हातात काठी, चेहरा लाल मातीनं माखलेला, कारण नव्या पुरुषाला काही महिने तशीच लावावी लागते. मी आत गेले तशी त्यानं मान खाली घातली.

“नमस्कार, भाऊ,” मी म्हटलं. डोंगरावरून उतरलेल्याला आता मुलगा म्हणायची सोय नाही.

“नमस्कार, सिस्टर.”

“बुलेल्वा आली का?” मारादेबेनं मान वळवली, पण माझ्याऐवजी भिंतीकडे. “ये. पायांचा आवाज ओळखला मी. मांस आणलंय, पिशवीत आहे. रुगायाला देऊ नकोस, तिला हलालच लागतं, आमच्या हातचं चालत नाही.”

मी खाटेवर बसले. सांगायचं ठरवून आले होते, आणि चादरीच्या सुरकुत्या सारत बसले.

तिनंच विषय काढला. “तिसऱ्या दिवसापासून खाजत होतं गं. गाल आणि गळा. आग आग. ती माती गार लागते ना, म्हणून जरा जास्तच थापली. पोराच्या नावानं तर होतीच. पण गार लागत होती.” थांबली. “आणि चहाचंही खोटं. चहा कोमटच होता.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर सोडलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

मुलगा काठीच्या टोकाकडे बघत होता. मी म्हटलं, “मारादेबे, मला माती पुसून बघायला हवं होतं. तो नियमच होता. मीच लिहिलेला. मी मुद्दाम बघितलं नाही. तुमचा मान राखायचा होता, हे खरं. पण मला तिसावा फॉर्मही हवा होता.”

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तू म्हटलं असतंस तर मी धुतलं असतं,” ती म्हणाली. “शिव्या दिल्या असत्या. रडले असते. तुझ्या आईचा उद्धार केला असता. पण धुतलं असतं, पोरी. तू आमच्यातली. तुझं ऐकलं असतं.”

मुलानं पहिल्यांदाच वर पाहिलं. “आईला परत दिसेल का?”

“उजव्या डोळ्यानं थोडं, कदाचित. डाव्यानं नाही.” खोटं बोलायची आता हिंमत उरली नव्हती.

तो उठून खिडकीपाशी गेला. खांदे ताठ. नव्या पुरुषानं लोकांसमोर रडायचं नसतं.

मारादेबेनं चाचपडत माझा हात शोधला. “बुलेल्वा, सगळे मला सांगतात पोरगा छान दिसतो. नणंद म्हणते छान, पाद्री म्हणतो छान. छान म्हणजे काय? मला काही दिसत नाही त्यातून. तू माझं अंग तपासायचीस ना, डोक्यापासून पायापर्यंत, एकेक ओळ? तसा सांग मला. काही वगळू नकोस.”

मी मुलाकडे पाहिलं. तो आला आणि तिच्या खाटेसमोर उभा राहिला.

“टोपी करड्या रंगाची आहे,” मी सुरुवात केली. “जरा मोठीच झालीय, कानांवर टेकतेय. केस काढलेत. उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. खांदे रुंद. डावा किंचित खाली झुकतो.”

“बापाचा तसाच होता,” ती म्हणाली. “पुढे.”

“कोट खाकी. वरचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलंय. मनगटं बारीक. उजव्या अंगठ्यावर कापल्याची खूण, नवी. पँटला इस्त्री आहे. बूट काळे, पॉलिश केलेले, पण डाव्याची लेस तुटून गाठ मारलीय.”

“आणि चेहरा?”

मी बघितलं. चांगलं निरखून बघितलं. दोन डोळे दिसत होते, ओले. बाकी सगळी लाल माती.

“चेहऱ्यावर माती आहे, मारादेबे. त्याखालचं मला दिसत नाही.”

तिनं मान हलवली. “हां. आता बरोबर सांगितलंस.”

तिनं हात वर केला. तो पोरगा, तो पुरुष, गुडघ्यांवर बसला आणि आईनं त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून. बोटं लाल झाली. मी बाहेर आले.

त्याच दुपारी मी तिसावा फॉर्म काढला. “साफ”वरची खूण एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी, जशी खोडायची असते. शेजारी लिहिलं: “चेहऱ्यावर, गळ्यावर व कोपरापर्यंत हातांवर माती होती. त्याखालचं पाहिलं नाही. पेशंटच्या सांगण्यानुसार खाज तिसऱ्या दिवसापासून.” तारीख घातली, सही केली आणि संस्थेला पाठवला. प्राध्यापकांना प्रत दिली. ते म्हणाले, “वेडी आहेस.” मग म्हणाले, “ठीक आहे.”

फेब्रुवारीत पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. नोंदी एकोणतीसच असल्यानं आणि तपासणीत त्रुटी राहिल्यानं तिसऱ्या वर्षाचा निधी थांबवण्यात येत आहे, आपल्या प्रामाणिकपणाचा समिती आदर करते. टेबल दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. आईनं चर्चमध्ये काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

आता मी पूर्वीसारखी पाच दिवस वॉर्डात असते. सहा नंबरवर परवा एक नवी बाई आली आहे, तिची पहिली गोळी आज सुरू झाली. सकाळी मी टॉर्च घेऊन गेले तर तिच्या खाटेशेजारी स्टुलावर तसराळं ठेवलेलं होतं, वर स्वच्छ फडकं. रुगाया पाठमोरी उभी राहून चादरी मोजत होती.

मी पाण्यात बोट घातलं. कोमट होतं.

“माफ करा, माय,” मी त्या बाईला म्हटलं, “आधी तोंड धुवू या.”